बेडकीचा खांदा

माझ्या नवऱ्याची पहिली बायको गोठ्यात राहते, असं मी माहेरी सांगायची तं माझी आई तोंडाले पदर लावायची. पण खोटं काय आहे त्यात? लग्न होऊन सिहोऱ्याले आली तेव्हा बैलजोडीच्या शेजारी, धानाच्या तणसाखाली ती झाकलेली होती. हिरव्या रंगाचे पापुद्रे निघालेले, पुढचे दोन दिवे डोळ्यांसारखे बाहेर आलेले, वर छप्पर नाही, दोन माणसं बसली की संपली गाडी. विलायती एमजी, पन्नास-बावन सालची, शर्यतीच्या जातीची. सारं गाव तिले बेडकी म्हणते.

बेडकी मूळची मॅंगनीजच्या खाणीवरच्या एका गोऱ्या साहेबाची. माझे सासरे केवळराम त्याचे ड्रायव्हर. आमच्याकडे सासऱ्याले मामाजी म्हणतात अन् सासूले आत्याबाई, तं मीही तसंच म्हणते. साहेब मायदेशी निघाला तेव्हा सामान नेलं, कुत्रा नेला, अन् गाडी मामाजींच्या हवाली करून गेला. मामाजींनी ती कित्येक वर्षं चालवली. मग ब्रेक जाम झाले, सामान कुठं भेटेना, तेव्हा गोठ्यात उभी केली अन् घरात ताकीद दिली की तिले कोणी हात लावाचा नाही.

हात लावला तो त्यांच्याच पोरानं. माझ्या नवऱ्याचं नाव लिलाधर. एकदा घेतलं, आता पुढं 'हे' म्हणन. तं हे शाळेत होते तेव्हा चोरून गाडीचा कार्बोरेटर खोलला, अन् आतला एक बारीक जेट, पेट्रोल सोडायची तोटी, तणसात हरवला. मामाजींनी चार माणसांत म्हटलं, "याच्या हाताले अक्कल नाही. याले बैलं राखू द्या." झालं! पोरगं मोठं झालं, सिहोऱ्याच्या बाजारात मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, आजूबाजूच्या गावचे लोक जळालेले पंप यांच्याकडेच आणतात. पण मामाजींनी आजवर एकदा 'बरोबर केलं' म्हटलं असेल तं माझी शपथ. हे जेवताना सांगत, आज अमक्याची मोटर सुरू करून देली बाबा. मामाजी म्हणत, "भाजीत मीठ कमी हाय."

बैलजोडी गेल्या साली विकली. माझे दीर विनोद यांनी ट्रॅक्टर आणला, मग बैलं बांधून काय करायचं? आत्याबाई तेव्हा दोन दिवस धड जेवल्या नाहीत. गोठ्यात एकटी बेडकी राहिली. तेव्हा यांनी मामाजींले विचारलं, "बाबा, मी करू का गाडी?" मामाजींनी किल्ली काढून देली अन् म्हटलं, "कर. तसाही गोठा रिकामाच हाय." यांले तेवढं पुरलं. यांले दुसरं काही नको होतं. मामाजी बेडकीत बसावे, पोळ्याच्या दिवशी गाडी आखरावर, बैलं जमतात त्या मैदानात, जावी, अन् त्या तोंडातून एकदा निघावं, बरोबर केलं लिल्या. तेवढ्यासाठी वर्षभर माझ्या घरात काळं ग्रीस नांदलं.

सामान शोधणं म्हणजे पोरीले स्थळ पाहण्यापेक्षा अवघड. हे नागपूरच्या चकाचक शोरूममध्ये गेले, तं तिथली पोरगी म्हणे, सर, नवीन मॉडेल दाखवू का? हे म्हणे, मले बावन सालच्या गाडीचे ब्रेक सिलेंडर पाहिजे. तिनं बिचारीनं यांले बसायले खुर्ची देली अन् प्यायले पाणी आणलं. मग मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा एक ग्रुप भेटला. असे वेडे देशभर आहेत, हे मले तेव्हाच समजलं. त्यातल्या कोइंबतूरच्या एका म्हाताऱ्यानं तमिळ पेपरात गुंडाळून सिलेंडर पाठवले. त्यातले रबरी कप विलायतेहून मागवले, ते मापाले मोठे निघाले, परत धाडले, पुन्हा वाट पाहत बसले. ब्रेकमधली हवा काढायची निपल तुटकी होती, ती भंडाऱ्याले केशवरावांच्या पितळेच्या कारखान्यात नेली. केशवराव म्हणे, "मी गुंड घडवतो बापा, पाण्याचे गुंड! हे नखाएवढं काय घेऊन आला?" तरी बसून लेथवर करून देली. गाडीचा आतला सांगाडा लाकडाचा असते, तो सडला होता, तं आंबागडच्या सुताराकडून सागाचा करवून आणला. ब्रेकच्या अर्धगोल शूजले नागपूरहून नवे लायनर चिकटवून आणले, पिवळसर तपकिरी; हेच चाकातल्या ड्रमले आतून घट्ट धरतात अन् गाडी थांबते. रात्री हे ते शूज उशाशी घेऊन झोपले. मी म्हटलं, मी सरकू का खाली?

अन् ब्रेकची हवा काढणं! नळीतल्या तेलात हवा राहिली तं पेडल नरम पडते, ब्रेक लागत नाही; ती काढायले दोन माणसं लागतात, एक चाकापाशी, एक पेडलवर. पेडलवर कोण? अंगणवाडीतल्या पोरांमागं दिवसभर धावून आलेली मी.

"दाब," चाकाखालून आवाज.

"दाबलं."

"धरून ठेव. धरून ठेव... अवं सोडलं काहून?"

"नाकावर माशी बसली."

"ज्योत्सना, एअर घुसली न आत!"

"तुमच्या डोस्क्यात घुसली एअर. मी स्वयंपाक कधी करू?"

ओसरी अन् गोठा यांच्यात एक कुडाची भिंत. तिकडं मामाजी बाजेवर पडून सारं ऐकत, पण चुकूनही काही बोलत नसत. शेवटी एका दिवशी माझ्या पायाखाली तो पेडल दगडासारखा टणक झाला. हे चाकाखालून निघाले, तोंडावर तेल उडालेलं, अन् लहान पोरासारखे हसले. मलेही हसू आलं, खोटं कायले बोलू. मग अंगणात गाडी चालवून पाहिली. ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी. मामाजी ओसरीवर येऊन बसले होते. हे त्यांच्या तोंडाकडे पाहून राहिले. मामाजी म्हणाले, "चाकातून आवाज येऊन राहिला." अन् आत गेले.

मले असा राग आला! पण यांले नाही आला. म्हणे, बरोबर आहे बाबाचं, नवीन लायनरची धार ड्रमले घासून राहिली. तं पोळ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा चारही चाकं काढली, ड्रम काढले, अन् लायनरच्या धारा कानशीनं घासत बसले.

त्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलपटून निघते. म्हणून पोळ्याच्या आदल्या सांजेले त्या खांद्याले हळद-लोणी लावायचं, पळसाच्या पानानं चोळून जिरवायचं, अन् बैलाले जेवणाचं आवतन द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आत्याबाईंनी सवयीनं सकाळीच लोणी काढून ठेवलं होतं. मग वाटी घेऊन गोठ्याच्या दारात बसल्या. जमुनाबाई नावाची ही माझी सासू भल्याभल्यांले पुरून उरणारी, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कोनाचा खांदा शेकू आता?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "लिल्या, या गाडीचा खांदा कोनता रे?"

यांचं डोकं लायनरमध्ये. यांनी कानशीनं ब्रेकचा शू दाखवला अन् गंमतीत म्हटलं, "हाच माय. सारा जोर इथंच पडते."

मी तिथंच उभी होती. मीही हसली. मग लाइन गेली, अंधारून आलं, अन् हे तशीच गाडी उघडी ठेवून पेट्रोल आणायले तुमसरले निघून गेले.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून यांची घाई. गोठ्यात उजेड तो कितीसा, त्यातच ड्रम बसवले, चाकं कसली. आवाजही गेला होता. आत्याबाईंनी बेडकीले झूल म्हणून आपलं जुनं लुगडं घातलं, दिव्यांवर बेगड चिकटवली, टिळा लावला. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याले पटका बांधला, अन् साहेबाच्या जागी, म्हणजे बाजूच्या सीटवर जाऊन बसले. जन्मभर ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तो माणूस पोराच्या बाजूले बसला.  पोरांनी ढकलून गाडी फाटकाबाहेर काढली, इंजिन फुटफुटलं, अन् गेली की बेडकी! मामाजींच्या पटक्याचं टोक वाऱ्यावर उडत होतं.

मी मागं राहिली, वडे तळायचे होते. गोवऱ्या आणायले गोठ्यात गेली तं जिथं जिथं बेडकीची चाकं होती तिथं तिथं पळसाची पानं पडलेली. पिवळी. लोण्यानं चपचप.

 "आत्याबाई!" मी ओरडली. "ही पानं कोनती?"

"कालची. खांद शेकले न तिचे," त्या चुलीपाशी बसून म्हणाल्या. "लिल्यानंच त दाखवले. चांगलं जिरवलं मी, कोरडं होईपर्यंत चोळलं. मुक्या जीवाले काय कमी करायचं?"

यांनीच मले शिकवलं होतं की ब्रेकच्या लायनरले तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, ते तेल पिते अन् मग ड्रमवर नुसतं घसरत राहते. नवीन लायनरचा रंगच हळदीचा. यांले दिसलं कसं असतं? कढई उतरवून मी धावली. चपलाही घातल्या नाहीत.

आमच्या आखरावर जायचं म्हणजे रस्ता आधी तलावाच्या पाळीवर चढते, मग एकदम खाली उतरते. खाली तोरणाखाली साऱ्या गावची बैलं उभी, बायाबापड्या, खांद्यावर पोरं घेतलेली माणसं, पोळ्याच्या झडत्या म्हणणं चालू, डफडं वाजून राहिलं. मी पाळीवर पोचली तेव्हा बेडकी उताराले लागली होती. "अहो! ब्रेक!" मी बोंबलली. डफड्यापुढं कोण ऐकते? पण यांले कळलं होतं. मले वरून दिसत होतं, हे पायानं दाबून राहिले, हातानं हँडब्रेक ओढून राहिले, अन् गाडीचा जोर वाढतच होता. हँडब्रेक तरी कोणाले ओढते? त्याच लोणी लावलेल्या शूजले.

खाली माणसं हसत होती, बेडकी आली, बेडकी आली. कोणी बाजूले होईना. तेव्हा यांनी स्टिअरिंग फिरवलं अन् गाडी रस्त्याकडच्या एका बांधीत घातली. भाताची बांधी, पाण्यानं भरलेली. आधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढली, मग आपटली, अन् एका कुशीवर कलली. हे चिखलात पडले. मामाजी धुऱ्यावर.

गर्दीतल्या एकाही लेकराले खरचटलं नाही. मामाजींचा खुबा मोडला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं, पण म्हटलं, या वयात उभं राहणं कठीण आहे, बघू.

दवाखान्यात आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होत्या, "आदल्या दिवशी मी खांद शेकले तिचे. म्हणून दोघायले घेऊन उलटली नाही ती. मुका जीव, पन उपकार ठेवते." मी तोंडात पदर कोंबून उभी.  वाटलं, हिचे खांदे धरून गदागदा हलवावे. अन् वाटलं, हिच्या पायावर डोकं ठेवून रडावं. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

आत्याबाई चहाले गेल्या तेव्हा मामाजींनी मले जवळ बोलावलं. "ज्योत्सना, तिनं लोनी कुठं लावलं?"

मी खाली पाहिलं.

"ब्रेकले चिकट लागलं हे मले गाडीतच कळलं," ते म्हणाले. "आजवर एवढे ब्रेक दाबले मी. तिले सांगू नोको."

"अन् तुमच्या पोराले?"

"त्यालेही नोको. तो सांगन मायले. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"मामाजी, ते स्वतःले खाऊन राहिले!"

"तो जवान हाय, सोसन. तिले नाही सोसनार. आपण हात लावलेलं बैल मेलं असं वाटन तिले. जन्मभर वाटन." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुखत होतं त्यांले, मले कळत होतं. तरी मी मनात शिव्या घातल्या. एकाले वाचवायले दुसऱ्याले बुडवायचं, हा कोणता न्याय?

हे खरंच बुडत होते. विनोद भाऊजींनी ट्रॅक्टरनं बेडकी ओढून गोठ्यात आणून टाकली. आंबागडच्या सागाचा सांगाडा एका बाजूनं फुटला होता. यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दुकानाचं शटर वर जाईना. धान भरायच्या दिवसात लोकांचे पंप जळतात, लोक दारावर येत, तं हे म्हणत, दुसरीकडे न्या. मामाजींले घरी आणलं, ओसरीवर बाज टाकली, तिथं हे जेवणाचं ताट नेऊन ठेवत अन् तोंड न दाखवता परत येत. एकदा मी लई बोलली, तं म्हणाले, "बाबा खरं बोलले होते. मी निपल ढिली ठेवली असन. नाही त कप उलटा बसवला असन. माझ्या हाताले अक्कलच नाही ज्योत्सना." एवढा दांडगा माणूस, अन् स्वतःच्या हाताकडे असा पाहे की मले भीती वाटे.

दसऱ्याले अवजारं पुजतात. दरवर्षी हे पाने-पक्कड घासूनपुसून पाटावर मांडत. या साली पाट रिकामाच. आत्याबाई हळद-कुंकू घेऊन वाट पाहून राहिल्या अन् हे अंगणात पाठ करून बसले. माझं डोकं सणकलं. चुलीत गेलं मामाजींचं 'सांगू नोको'! मी काही शब्द देला नव्हता. मी पान्यांची पेटी उचलली, गोठ्यात नेली अन् यांच्या हाताले धरून ओढत नेलं.

"चाक खोला."

"काहून?"

"मी सांगून राहिली म्हणून. चाक खोला, ड्रम काढा. नाही काढला त मी हातोड्यानं फोडीन. मग म्हणसान, बायको बी गेली कामातून."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जॅक लावला. नट सोडताना हात आधी अडखळले, मग आपोआप चालू लागले, हातांले आठवत होतं. चाक निघालं. ड्रमवर दोन टिचक्या मारल्या, तो निघाला. यांनी लायनरवर बोट फिरवलं. बोटाले काळपट मेणचट लागलं. नाकाशी नेलं. मग शूच्या मागच्या बाजूले, जिथं घासत नाही तिथं, बोट घातलं. पिवळं आलं. सुकलेली हळद, अन् खवट लोण्याचा वास.

हे बसून राहिले.  'सारा जोर इथंच पडते', हे यांचं यांलेच आठवलं असेल, कारण यांनी डोळे मिटले अन् कपाळ हातातल्या ड्रमले टेकवलं. यांचे खांदे हलत होते. हसून राहिले की रडून, ते मले आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात आत्याबाई ताट घेऊन गोठ्यात आल्या. पाटावर नाही त इथंच पूजू म्हणून आल्या असतील. उघडं चाक पाहिलं अन् वाकल्या.

"अवं माय! हळद हाय न अजून?" त्यांचा चेहरा उजळला. "पाह लिल्या, डोळ्यानं पाह. म्हणून त वाचला तू. तू अन् तुया बाप. मी एवढे दिवस सांगून राहिली, कोनी ऐकते?"

 यांच्या पोटात काही राहत नाही. यांनी तोंड वर केलं, आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा आईकडे.

"हो माय," हे म्हणाले. "म्हणूनच वाचलो."

आत्याबाईंनी शूले कुंकू लावलं, यांच्या कपाळाले लावलं, पान्यांवर अक्षता टाकल्या अन् पदरानं डोळे पुसत निघून गेल्या.

गोठ्यात आम्ही दोघं. हे फडक्यानं बोटं पुसत होते, पुसतच होते. तेव्हा कुडाच्या पलीकडून, बाजेवरून, खोकल्याचा आवाज आला. मामाजी सारं ऐकत होते.

"लिल्या."

हे उभे राहिले.

"पेडल टाइट होता रे," मामाजी म्हणाले. "मी तुया पायाकडेच पाहून राहिलो होतो. एअर जराशी बी नव्हती आत. बरोबर केलं होतं तू."

यांनी फडकं खाली ठेवलं, ओसरीवर गेले, अन् बापाच्या बाजेपाशी जमिनीवर बसले.